रस्त्यावर एकटं कुत्रं दिसलं तर

एकटं कुत्रं दिसलं की पहिला विचार येतो तो त्याला उचलून कुठेतरी सुरक्षित ठिकाणी नेण्याचा. बऱ्याचदा पहिली चूक तिथेच होते. आपल्याकडच्या बहुतेक रस्त्यावरच्या कुत्र्यांना एक गल्ली असते, झोपायची ठरलेली जागा असते, सकाळी बिस्किट टाकणारा चहावाला असतो. तिथून उचलणं म्हणजे त्याचं घर मोडणं. आणि ज्याला खरंच मदत हवी असते, तुटक्या पट्ट्याचं लॅब्राडोर किंवा पार्क केलेल्या गाडीखाली थरथरत बसलेलं कुत्रं, त्याच्याकडे ‘असेल कुणाचं तरी’ म्हणून कुणी बघतही नाही.

म्हणून रक्त वाहत नसेल आणि गाडीखाली येण्याचा धोका नसेल, तर हात लावण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लांबून नुसतं बघा. कुत्रं गल्लीचं आहे, हरवलंय, कुणीतरी टाकून दिलंय की आजारी आहे, हे तेवढ्यात बहुधा कळतं. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

कुत्रं कुणाचं, हे कसं ओळखायचं

गल्लीचं कुत्रं निवांत असतं. रस्ता ओलांडताना गाड्यांचा अंदाज घेतं, दुसरं कुत्रं आलं तर शेपटी हलवतं किंवा भुंकून हाकलतं, पण पळून जात नाही. त्याचे कान बघा. कानाच्या कडेला व्ही आकाराची खाच असेल किंवा टोक सरळ कापलेलं असेल, तर त्याची नसबंदी झाली आहे आणि त्या वेळी रेबीजची लसही दिली गेली आहे. ती जखम समजून औषध लावायला जाऊ नका. मात्र खाच दिसली म्हणून लस अजून चालू आहे असंही धरू नका. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते, आणि खाच किती जुनी आहे ते कानाकडे बघून कळत नाही.

हरवलेलं कुत्रं जागेवर थांबत नाही. नाक जमिनीला लावून एकाच रस्त्यावर पुढे-मागे फिरतं, प्रत्येक थांबलेल्या गाडीशी किंवा उघड्या दाराशी जातं, हॉर्नला दचकतं. मानेवरचे केस पट्ट्याने दबलेले दिसतात, नखं वाढलेली किंवा नीट कापलेली असतात, पंजाच्या गाद्या मऊ असतात. गावठी कुत्रीही लोक घरात पाळतात, त्यामुळे जात बघून निकाल देऊ नका. दिवाळीत फटाक्यांच्या आणि विसर्जन मिरवणुकीच्या दिवसांत अशी कुत्री फार सापडतात. आवाजाला घाबरून साखळी तोडून पळालेली असतात, आणि बऱ्याचदा घरापासून फार लांब नसतात.

टाकून दिलेलं कुत्रं एकाच जागी बसून राहतं, जिथे सोडलं तिथेच. दोन-दोन दिवस हलत नाही. पिल्लं काढून घेण्यासाठी वापरलेल्या जातिवंत माद्या, त्वचारोग झालेली म्हातारी कुत्री, घर बदलताना नकोशी झालेली कुत्री टोलनाक्याजवळ, घाटात किंवा देवळाबाहेर सोडली जातात.

बघून झालं की विचारा. रिक्षा स्टँड, पानाची टपरी, भाजीवाली, सोसायटीचा वॉचमन, रात्री खाऊ घालणारी एखादी बाई. या पाच जणांना माहीत नसलेलं कुत्रं त्या गल्लीचं नसतं. हा प्रश्न टाळून थेट रुग्णवाहिका बोलावली जाते आणि वर्षानुवर्षं जपलेलं कुत्रं एका दुपारीत गायब होतं, हे वारंवार घडतं.

जवळ जाताना

समोरून सरळ चालत जाऊ नका, डोळ्यात डोळे घालू नका, वरून डोक्यावर हात नेऊ नका. कुत्र्याच्या भाषेत हे तिन्ही आव्हान आहे. थोडं तिरकं उभं राहा, पाच-सहा फुटांवर उकिडवे बसा, शरीर बाजूला वळलेलं ठेवा. वास येणारं काहीतरी, उकडलेलं चिकन, अंडं किंवा पनीर, आपल्या आणि त्याच्या मध्ये टाका, थेट त्याच्या अंगावर नको. एक तुकडा खाल्ला की पुढचा थोडा जवळ. याला दहा मिनिटं लागतात, कधी दोन दिवस लागतात. घाई केली तर कुत्रं महामार्गावर पळतं, आणि मग ते मेलं तर त्याला आपण जबाबदार असतो.

शेपटी पोटाखाली, कान मागे, जीभ सारखी नाकावर फिरवणं, भूक-झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, या सगळ्याचा अर्थ ‘मला भीती वाटतेय, थांब’. अंग ताठ होऊन हालचाल बंद झाली, तर तो चावण्याआधीचा शेवटचा क्षण असू शकतो. तिथून हळू मागे या. शेपटी हलतेय म्हणजे कुत्रं मैत्रीत आहे असं नेहमीच नसतं. ताठ उभी, भराभर हलणारी शेपटी म्हणजे ताण.

बांधायचं असेल तर सरकफासाचा पट्टा सगळ्यात बरा, कारण साध्या पट्ट्यातून घाबरलेलं कुत्रं मागे ओढून मान सहज सोडवतं. नुसती दोरी असेल तर तिच्या एका टोकाला लहान फासा करून दुसरं टोक त्यातून ओढून घ्या, झाला सरकफास. मात्र तो घालून कुत्र्याला खांबाला बांधून निघून जाऊ नका, गळफास बसतो.

हरवलेलं असेल तर

सुरुवातीचे दोन-तीन दिवस मालक जीव तोडून शोधत असतो. त्या दिवसांत हे करा.

पट्ट्यावर बिल्ला, फोन नंबर किंवा महापालिकेच्या परवान्याचा क्रमांक आहे का बघा. पुणे, मुंबईसारख्या शहरांत पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो, त्यामुळे त्या क्रमांकावरून मालकापर्यंत पोचता येतं. काहीच नसेल तर जवळच्या पशुवैद्याकडे नेऊन मायक्रोचिप तपासायला सांगा. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली असते आणि स्कॅनरवर पंधरा आकडी क्रमांक दाखवते. कधी ती सरकून खांद्याच्या बाजूला किंवा दंडापर्यंत जाते, म्हणून स्कॅनर फक्त मानेवर न फिरवता दोन्ही खांद्यांवरून आणि पुढच्या पायांपर्यंत फिरवायला लावा.

फोटो दोन बाजूंनी काढा. सापडल्याची जागा, तारीख आणि वेळ लिहून सोसायट्यांच्या आणि प्राणिमित्रांच्या व्हॉट्सॲप गटांत टाका. छापील कागद दोन किलोमीटरच्या परिसरात दवाखाने, किराणा दुकानं, दूध केंद्रं इथे लावा. जवळच्या पोलीस चौकीत ‘कुत्रं सापडलं आहे’ एवढी नोंद करून ठेवा, पुढे वाद झाला तर ती उपयोगी पडते.

एक खूण मात्र कुठेही जाहीर करू नका. पोटावरचा पांढरा ठिपका, तुटलेलं नख, टाक्यांची जुनी खूण, काहीही चालेल. जो मालक म्हणून येईल त्याने ती सांगितली पाहिजे. सोबत लसीकरणाचं पुस्तक आणि मोबाइलमधले जुने फोटो मागा. जातिवंत मादी सापडली की पिल्लांच्या धंद्यासाठी खोटे मालक उभे राहतात. कुत्र्याने ओळखलं हा पुरावा धरू नका, कारण काही कुत्री बिस्किट देणाऱ्या प्रत्येकाला ओळखतात.

जखमी असेल तर

आधी स्वतःचा बचाव. तुमच्याच घरचं कुत्रं असलं तरी वेदनेत ते चावतं. तोंड बांधायला ओढणी किंवा बँडेजची साधारण सव्वा मीटर लांब पट्टी घ्या. मोठा फासा करून नाकाच्या मध्यावर टाका, वर एक गाठ, मग टोकं जबड्याखाली नेऊन फिरवा आणि कानांमागे सुरगाठ मारा, म्हणजे एका ओढीत सुटेल. उलटी होत असेल, श्वास लागला असेल, ऊन लागलं असेल किंवा पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर तोंड अजिबात बांधू नका. अशा वेळी जाड चादर डोक्यावरून टाकून उचला.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा, पूर्ण पाच मिनिटं. थांबलं का ते बघायला दर अर्ध्या मिनिटाने फडकं उचललं की जमलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. फडकं भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. गाडीने उडवलं असेल तर पाय किंवा काखेत धरून उचलू नका. प्लायवूडचा तुकडा, जाड पुठ्ठा किंवा दोघांनी ताणून धरलेली चादर त्याच्या पाठीशी सरकवा आणि अंग एका रेषेत ठेवून वर घ्या. मग ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर थोडा वेळ आहे. पांढऱ्या किंवा राखाडी असतील तर आत रक्तस्राव होत असू शकतो, रुग्णवाहिकेची वाट न बघता रिक्षाने हलवा. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका. ते फुप्फुसात जातं आणि वाचलेलं कुत्रं न्यूमोनियाने जातं.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त दिसतात त्या अळ्या पडलेल्या जखमा. कानामागे, डोक्यावर, शेपटीच्या मुळाशी, जिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही तिथे. माशीची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, म्हणून काल दिसलेला लहानसा ओरखडा परवा बोट जाईल एवढं भोक झालेला असतो. विशिष्ट कुजका वास येतो आणि कुत्रं सारखं डोकं झटकतं. रॉकेल, फिनाईल, टर्पेंटाइन ओतायची जुनी सवय सोडा. त्याने अळ्यांबरोबर मांसही जळतं आणि चाटल्यावर विषबाधा होते. पशुवैद्याकडून अळ्यांसाठीचा स्प्रे घ्या, तो मारून काही मिनिटं थांबा आणि वर आलेल्या अळ्या बोथट चिमट्याने एकेक काढा. एका बैठकीत सगळ्या निघत नाहीत. आतल्या कप्प्यात राहिलेल्या दुसऱ्या दिवशी वर येतात, म्हणून सलग तीन-चार दिवस जखम बघावी लागते. इथेच बहुतेक उपचार फसतात: पहिल्या दिवशी उत्साह असतो, तिसऱ्या दिवशी कुणी येत नाही. जखम डोळ्याजवळ, कानाच्या आत किंवा खोल असेल तर घरगुती प्रयत्न नको, थेट दवाखाना.

अंगावरचे केस गेलेलं, खाजवून लाल झालेलं कुत्रं म्हणजे बहुधा खरूज. गॅरेजमधलं जळकं ऑइल लावू नका, ते कातडीतून आणि चाटून आत जातं. आज पशुवैद्य वजनानुसार जी गोळी देतात ती खाण्यात घालून देता येते, कुत्रं पकडावंही लागत नाही, आणि त्याच गोळीने गोचीडही जातात. डोस वजनावर असतो, म्हणून अंदाजे वजन नीट सांगा. आपलं मध्यम बांध्याचं गावठी कुत्रं बहुतेक वेळा १५ ते २० किलोचं भरतं.

मागच्या बाजूने आठवड्यानंतरही रक्त थेंबथेंब पडत असेल आणि फुलकोबीसारखी गाठ दिसत असेल, तर ती ‘हीटवर’ म्हणजे माजावर आलेली मादी नसून समागमातून पसरणारा ट्यूमर असू शकतो. नरांनाही होतो. दिसायला भयंकर, पण आठवड्यातून एक याप्रमाणे काही इंजेक्शनांनी बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. असं कुत्रं ‘आता काही खरं नाही’ म्हणून सोडून देऊ नका.

एप्रिल-मे महिन्यात धापा टाकत, अडखळत चालणारं, जाड लाळ गाळणारं कुत्रं दिसलं तर सावलीत आणा आणि पोट, जांघा, पंजे साध्या पाण्याने भिजवून पुठ्ठ्याने वारा घाला. बर्फाचं पाणी नको, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान माणसापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०३ च्या आसपास उतरलं की भिजवणं थांबवा आणि दवाखान्यात न्या.

माणसांच्या पेटीतली औषधं देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड, आतडी यांचं नुकसान करतात. विष खाल्ल्याचा संशय असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. विषाचं पाकीट किंवा उलटीचा नमुना सोबत घेऊन निघा.

मदत कुणाकडे मागायची

राज्यात पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. गावात तालुक्याचा सरकारी जनावरांचा दवाखाना, जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. मुंबईत परळचं, सगळे ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. पुण्यात आणि गोव्यात जखमी भटक्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्था आहेत. आपल्या भागातल्या दोन संस्थांचे नंबर आजच मोबाइलमध्ये ठेवा, गरज पडते तेव्हा शोधायला वेळ नसतो.

‘एक कुत्रं जखमी आहे, प्लीज मदत करा’ या संदेशाचा कुणालाच उपयोग होत नाही. असा लिहा: ‘सातारा रोड, अमुक पेट्रोल पंपासमोर, बस थांब्यामागे. तांबडी मादी, कानाला खाच, मागचा उजवा पाय लटकतोय, तीन पायांवर चालते, माणसाला घाबरत नाही. आज सकाळी ९ पासून इथेच. मी ११ पर्यंत थांबतो.’ सोबत दहा सेकंदांचा व्हिडिओ आणि मोबाइलवरचं लोकेशन. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. गाडी येते तेव्हा कुत्रं हललेलं असतं आणि दाखवायला कुणी नसतं, म्हणून फेऱ्या फुकट जातात. थांबता येत नसेल तर टपरीवाल्याला सांगा आणि त्याचा नंबर द्या.

रेबीजचा संशय आणि चावा

कुत्र्याचा आवाज घोगरा झालाय, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, मागचे पाय लुळे पडतायत, दगड-काठ्यांना चावतंय, तर लांब राहा, मुलांना आत घ्या आणि महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवा. यातला एक प्रकार फार फसवा आहे. कुत्रं शांत असतं, तोंड उघडं, गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय, आणि तो हात घालतो. तोंड उघडं ठेवून लाळ गाळणाऱ्या अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका, कधीच. ‘पाणी पितंय म्हणजे पिसाळलेलं नाही’ हेही चुकीचं आहे. पाण्याची भीती माणसात दिसते, कुत्र्यात नाही. याच्या उलट, झटके येणारं, जबडा सारखा हलवणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं. डोळ्यानाकातून चिकट स्राव असेल तर तो डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार असू शकतो. फरक पशुवैद्य ठरवेल, जमाव नाही.

चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं तर त्या क्षणापासून घड्याळ लावा. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. विषाणू जखमेतच असतो तोवर साबण त्याचं कवच फोडतो, म्हणून हे धुणं लसीइतकंच महत्त्वाचं. मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, मिरची, तेल काहीही भरू नका. जखम घट्ट बांधू नका, आणि घाईने टाके घालू देऊ नका.

रक्त न येता साधा ओरखडा असेल तर लस. कातडी फाटली, रक्त आलं किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही. हे दुसरं इंजेक्शन जखमेत आणि तिच्याभोवती देतात, कारण लशीमुळे शरीरात प्रतिकार तयार व्हायला दिवस लागतात आणि मधल्या काळात हेच विषाणू अडवतं. पहिल्या डोसबरोबर मिळालं नाही तर सात दिवसांच्या आत मिळालंच पाहिजे. लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. ०वा दिवस म्हणजे पहिल्या डोसचा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती मनातून काढा, ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आणि नुसतं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ‘झालं’ म्हणून घरी येऊ नका. त्याचा रेबीजशी काही संबंध नाही.

कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. दहाव्या दिवशी ते धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. पण त्या दहा दिवसांची वाट बघत लस पुढे ढकलायची नाही. लक्षणं सुरू झाल्यावर या आजारावर उपाय नाही. गोव्यात कुत्र्यांचं लसीकरण वर्षानुवर्षं घरोघर, गल्लोगल्ली केलं आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. कुत्र्यांना लस मिळाली की माणसं वाचतात, म्हणून आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या लशीची तारीख कुणीतरी वहीत लिहून ठेवणं हे मोठं काम आहे.

पिल्लं

पिल्लं एकटी रडताना दिसली तर लगेच खोक्यात भरू नका. आई अन्न शोधायला गेलेली असते आणि माणसं जवळ उभी असेपर्यंत परतत नाही. तीन-चार तास लांबून बघा. पोटं गोल आणि अंग कोमट असेल तर आई येते आहे. आईला खायला घाला, तिला दूध आलं की पिल्लं जगतात. पोटं खपाटीला, अंग गार आणि आई गाडीखाली गेल्याचं कळलं, तरच उचला.

डोळे मिटलेले म्हणजे दोन आठवड्यांच्या आतलं. पहिली गोष्ट ऊब. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागात ठेवा, म्हणजे जास्त उबलं तर पिल्लू दुसरीकडे सरकेल. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही, त्याची आतडी काम करत नाहीत आणि दूध आतच नासतं. आधी ऊब, मग दूध. गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधाइतकं प्रथिन आणि स्निग्ध नसतं, म्हणून औषधाच्या दुकानातली पिल्लांची दूध पावडर आणा. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, दुसऱ्यात तीन-चार तासांनी. पिल्लाला पोटावर, आईला चिकटल्यासारखं धरून पाजा. तान्ह्या मुलासारखं उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जातं. बाटलीतली पिल्लं जातात ती बहुतेक यानेच. दर वेळी पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने शू-शीची जागा हळू पुसा. लहान पिल्लांना ती स्वतःहून करता येत नाही, एरवी आई चाटून करवते.

जंताचं औषध दोन आठवड्यांपासून, दर पंधरा दिवसांनी. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. उलट्या आणि रक्ताचे, घाण वासाचे जुलाब म्हणजे पार्व्हो हा विषाणूचा आजार समजा आणि त्याच तासाला सलाइनसाठी न्या. उद्या सकाळ फार उशीर असतो. ती जागा फिनाईलने पुसून उपयोग नाही, हा विषाणू त्याला दाद देत नाही. आधी घाण धुऊन काढा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटं राहू द्या. मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून त्या अंगणात लस न झालेलं पिल्लू वर्षभर आणू नका.

वाढत्या पिल्लाच्या गळ्यात हौसेने दोरा किंवा पट्टा बांधू नका. मान वाढते, पट्टा नाही, आणि तीन महिन्यांनी तो कातडीत रुतलेला सापडतो.

घरी ठेवायचं ठरवलं तर

घरच्या जनावरांपासून दोन आठवडे वेगळं, वेगळ्या ताटल्या, हात धुऊनच दुसऱ्याला हात. पहिल्या दिवशी आंघोळ नको. उपाशी कुत्र्याला पोटभर घालू नका, अनेक दिवस रिकाम्या पोटाला अचानक भरपूर अन्न मिळालं की रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडतो. एक भाग बिनहाडाचं उकडलेलं चिकन आणि दोन भाग मऊ भात, मीठ-मसाला नाही, दिवसातून पाच-सहा वेळा मूठ-दोन मूठ. चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवा. मोठ्या कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट विषारी आहे, शिजवलेलं हाड फुटून आतडं फाडतं. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरसारख्या बिबट्याच्या भागात कुत्रं रात्री अंगणात बांधून ठेवू नका.

जे करायचं नाही ते हे: गल्लीतलं कुत्रं दुसऱ्या भागात किंवा ‘शेतावर’ नेऊन सोडणं. तिथली कुत्री त्याला फाडतात, आणि इथे रिकाम्या जागेत नसबंदी न झालेली नवी येतात. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही तेच तत्त्व राहिलं. रेबीज झालेली, संशयित किंवा आक्रमक कुत्री अपवाद. त्याच आदेशाने खाऊ घालण्यासाठी प्रभागवार जागा ठरवायला सांगितलं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, एसटी-बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत असं ठरलं. म्हणून शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या दारात खाऊ घालू नका, तुमच्या बिस्किटांमुळे त्याच कुत्र्याची उचलबांगडी होते. कुत्र्याला मारणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाळीव कुत्रं उपाशी मरेल असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली.

दुसऱ्याला दत्तक देताना फोनवर ठरवू नका. घर बघा, घरातली सगळी माणसं राजी आहेत का विचारा, भाड्याचं घर असेल तर मालकाचं काय ते आधीच स्पष्ट करा. ओळखपत्राची प्रत, लसीची तारीख आणि नसबंदी कधी करणार ते कागदावर लिहून घ्या. मोठं कुत्रं नसबंदी करूनच द्या. आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी फोटो नाही, व्हिडिओ मागा. आणि कागदावर एक ओळ लिहून सही घ्या: सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं दुसऱ्या कुणाला न देता तुमच्याकडेच परत आणायचं.